विमा संपलेल्या गाडीपुढे

बोर्ली पंचतनच्या स्टँडवर रावजीची काळी गाडी उभी असली की तिच्या चारही चाकांखाली दगड असत. जमीन सपाट होती, तरीही. कोणी हसलं तर तो म्हणे, "जमिनीचा काय भरवसा?" आणि पायानं दगड आणखी आत सारी.

मुंबईत एका पारशी शेठकडे त्यानं अकरा वर्षं ड्रायव्हरी केली. शेठ वारले तेव्हा शेठाणीनं ही जुनी गाडी त्याला स्वस्तात दिली. ती घेऊन तो गावी आला आणि बोर्ली, म्हसळा, माणगाव अशी भाड्यानं चालवू लागला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. पण त्यामुळे भीती कमी होण्याऐवजी वाढतच गेली. न झालेला अपघात कुठल्या तरी वळणामागे अजून शिल्लक आहे, असं त्याला वाटे.

त्या भीतीला एक चेहरा होता. धर्माचा. चार वर्षांपूर्वी धर्माच्या टॅक्सीखाली एक म्हातारा आला. विमा संपून अकरा दिवस झाले होते. कोर्टानं भरपाई ठरवली, शेत गेलं, घर गेलं. आता धर्मा स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्या पुसायचा. रावजी रोज त्याच्याकडून गाडी पुसून घेई, पण त्याच्या तोंडाकडे पाहत नसे.

एकोणीसशे एकोणसाठच्या वैशाखात रावजीनं बिऱ्हाड माणगावला हलवायचं ठरवलं. हमरस्त्यावरचं गाव, बारमाही गिऱ्हाईक. हलवायचं ठरवणं सोपं होतं, हलवणं नव्हतं. घरमालकाला आगाऊ भाडं हवं होतं. ट्रकवाल्यानं जातं आणि पाटा पाहून दर वाढवला. धान्याची कणगी दारातून निघेना, ती मोडून बाहेर काढावी लागली. रावजीनं प्रत्येक गोष्ट आधी करून ठेवली. पोस्टात तर पंधरा दिवस अगोदरच अर्ज दिला, की यापुढे आमची पत्रं माणगावच्या पत्त्यावर पाठवावीत.

तिथंच चुकलं. विम्याच्या एजंटाचं कार्ड त्या अर्जाप्रमाणे माणगावला गेलं आणि कुलूप लावलेल्या रिकाम्या खोलीत दाराच्या फटीखाली पडून राहिलं. बुधवारी घरमालकाला ते दिसलं, आणि त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर बोर्लीला धाडलं. संध्याकाळी स्टँडवरच रावजीनं ते वाचलं. विमा सोमवारी संपला होता.

तीन दिवस तो तसाच गाडी चालवत होता. त्याला त्या तीन दिवसांतली माणसं आठवू लागली. पुलावर वाकून नदीत पाहणारा पोरगा. बाजारात अंगावर येता येता राहिलेली कोळीण. सगळी जिवंत होती, आणि त्याचाच त्याला घाम फुटला.

"उद्या न्हाय जायचं," घरी येऊन तो म्हणाला.

घरात सामान उरलं नव्हतं. ट्रक सकाळीच गेला होता. चूल विझवून गोदूआत्यानं वर शेणाचा पोतेराही फिरवला होता. आत्या त्याच्या बापाची बहीण, लहानपणी विधवा होऊन याच घरात राहिलेली.

"विझवलेली चूल परत पेटवू व्हय?" आत्या म्हणाली. "पहाटे देव उचलायचे. एकदा उठले की मागं फिरायचं न्हाय, आन् वाटंत मांडीवरनं खाली ठेवायचं न्हाय. तुझ्या बापानं असंच आणले व्हते."

"एसटीनं जाऊ."

"कोळणींच्या मावऱ्याच्या टोपल्यांत देव नेतोस?"

स्टँडवरच्या दुसऱ्या दोन्ही गाड्या लग्नांना गेल्या होत्या. रावजी भिंतीला टेकून बसला. कोकिळा, त्याची बायको, शेवटची कळशी पुसत होती. तिनं कार्ड मागून घेतलं, ते तिला वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"कोणाला लागलं तरच ना?" ती म्हणाली. "मंग लागू देऊ नका."

गुरुवारी पहाटे ते निघाले. आत्या मागे बसली, तांबड्या फडक्यात बांधलेले देव मांडीवर घेऊन. म्हसळ्यापर्यंत रावजीनं गाडी अशी चालवली, की बैलगाडीवाले मागून ओरडू लागले. घाट आला तशी त्यानं गाडी थांबवली.

"तू खाली उतर," तो कोकिळेला म्हणाला. "वळणापुढं जाऊन बघ, कोण हाय का. मी मागनं येतो."

कोकिळा त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. "घोड्यापुढं वाजंत्री असतात तशी? पंचक्रोशीत गाडीपुढं बायको चालवणारे तुम्ही पयलेच."

"उतर गं."

ती उतरली. पदर खोचून पुढे चालू लागली. प्रत्येक वळणावर ती आधी जाई, वाकून पाही, आणि हाक देई, "या!" मग गाडी सरके. चढ असा संपला. ऊन वर आलं. उताराला लागल्यावर ती दमली, हाका बारीक झाल्या, पण तिनं बसते असं म्हटलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. त्याचे डोळे झाडीत होते. करवंदीच्या जाळीतून, दरडीवरून, मोरीतून कोणीही निघेल. अख्खं रान त्याला माणसांनी दबा धरल्यासारखं दिसत होतं.

आणि खरोखरच एक बाई निघाली. उजवीकडच्या दरडीवरून, डोक्यावर लाकडांची मोळी, थेट रस्त्याकडे उतरत. रावजीची नजर तिच्यावर खिळली. त्यानं ब्रेक दाबला आणि तिच्यापासून दूर, डावीकडे, चाक वळवलं.

डावीकडून कोकिळा चालली होती.

आवाज फार झाला नाही. मडगार्ड तिच्या कमरेला लागलं आणि ती खडीवर पडली, उजवा हात अंगाखाली. गाडी थांबली. मोळीवालीनं मोळी फेकली आणि धावत जाऊन तिला बसती केली. मागून आत्या ओरडत होती, "रावज्या, अरे उतर! मी कशी उतरू, मांडीवर देव हायत रं!"

रावजी उतरला नाही. हँडब्रेक ओढून तो तसाच बसला होता. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते कोकिळेचं नाव नव्हतं. पहिल्यांदा आलं ते हे, की परकं कोणी नाही, आपलंच माणूस आहे. आणि छातीवरचं ओझं उतरलं. क्षणभरच. मग ते सुटल्यासारखं वाटणंच त्याला समोर दिसलं, एखाद्या अनोळखी माणसासारखं, आणि तो इतका घाबरला, की दाराची मूठ त्याला सापडेना.

माणगावला पोचेपर्यंत कोकिळेचं मनगट टम्म सुजलं. देव वेळेवर जागेवर बसले. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. कोकिळा म्हणाली, "आधी तुमचा कागद करून या. मी येते संगती, घरात बसवत न्हाय."

एजंट अनंता बाजारातल्या माडीवर बसे. हुशार, घाईतला माणूस. त्यानं जुनी पॉलिसी पाहिली, नवा पत्ता लिहिला, पैसे घेतले.

"मधल्या दिवसांत गाडी चालवलीत?"

"व्हय."

"कोणाला धक्का वगैरे?"

खोटं लिहिलं तर कधी तरी उघडकीला येईल, असं रावजीला वाटलं. "बायकोला," तो म्हणाला. "आज सकाळी. हात मोडलाय."

अनंतानं मान वर केली. "काय राव, घरातल्या भांडणाची नोंद विम्यात होते का? ती जाणाराय कोर्टात तुमच्यावर?"

"न्हाय."

"मग? तिऱ्हाइताला लागलं का, ते सांगा."

खाली रस्त्यावर कोणीतरी भोपळ्याचा भाव करत होतं.

"तिऱ्हाइताला न्हाय."

अनंतानं लिहिलं, 'कोणासही इजा नाही,' आणि बोटानं सहीची जागा दाखवली. रावजीनं सही केली.

कोकिळा खाली पायरीवर बसली होती, बांधलेला हात मांडीवर घेऊन. "झालं?"

"झालं."

"आता भ्याव न्हाय ना?"

कागद रावजीच्या हातात होता. तिचा अंबाडा सकाळपासून सुटला होता, केस तोंडावर येत होते. डाव्या हातानं ती ते सारखे मागे सारत होती आणि ते पुन्हा येत होते.

"तेवढे केस बांधा माझे," ती म्हणाली. "एका हातानं जमंना."

भर बाजार होता. दुकानदार पाहत होते, टांगेवाला पाहत होता. रावजीनं कागद दातांत धरला आणि तिच्या मागच्या पायरीवर बसला. केस त्यानं मुठीत घेतले. पीळ बसेना, तीनदा सुटला. कोकिळा मान ताठ ठेवून समोर बघत बसली होती.

"सावकाश," ती म्हणाली. "दुखतंय."