मांडवावरची छत्री

आमच्या गावात डिशला छत्री म्हणतात. महिन्याचे पैसे न भरता चॅनेल दिसतात, तसली एक छत्री मी नागभीडच्या बाजारातून आणली आणि पौषात, धानाची मळणी उरकल्यावर, घरी बसवली. चंद्रपूरला मी पोरांना वायरिंग शिकवतो. त्यामुळे गावात साधा बल्ब गेला तरी लोक माझ्या सुट्टीची वाट पाहतात, आणि मलाही ते मनातून आवडतं.

छत्री कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, लावायची सोय नव्हती. वानरांची टोळी दिवसातून दोनदा छपरावरून जाते; कवेलूच टिकत नाहीत, तिथे छत्री काय टिकणार! म्हणून ती अंगणातल्या मांडवाला लावली. आमच्याकडे मळणीनंतर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मांडवावर रचतात आणि पावसाळ्यापर्यंत गुरांना काढून काढून घालतात. मांडव आमचा आणि शेजारच्या काकाजींचा मिळून. आई गेल्यावर आम्ही गुरं विकली, तेव्हापासून ते तणस खायला काकाजींचेच बैल. मांडवाची एक आडवी बल्ली, म्हणजे लाकडी वासा, कडेच्या खांबाच्या बाहेर आली होती, तिच्या टोकाला मी छत्री आवळली. समोर झाड नाही, भिंत नाही. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

हे सगळं बाबांसाठी होतं. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. जेवणाचा डबा काकूकडून येतो आणि संध्याकाळी काकाजी, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, खाटेवर येऊन बसत आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगत. नुसतं सांगत नसत, शेरेही मारत. "भाऊ, हा बातम्यावाला आज घामाघूम होऊन राह्यला." "भाऊ, या बाईनं पिवळं लुगडं नेसलं, पन हिले शोभून नाई राह्यलं." बाबा पोट धरून हसत. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

चैत्रात चित्र फुटायला लागलं आणि एक दिवस गेलंच. मी सुट्टी काढून आलो. केबल उंदरांनी कुरतडली होती, ती बदलली. जोड नवे केले. छत्रीच्या तोंडाशी बसतो तो एलएनबीही नवा आणला. बॉक्स दुसऱ्याच्या टीव्हीला लावून पाहिला, तिथे तो मुकाट चालला. शेवटी सिग्नलच्या दोन पट्ट्या उघडल्या, ज्या खरं तर सगळ्यात आधी पाहायला हव्या होत्या. वरची पट्टी भरलेली, खालची क्वालिटीची शून्य. याचा अर्थ सामान ठीक आहे, छत्रीचं तोंड हललं आहे. मी तोंड जरासं वर उचललं, चित्र आलं. पंधरा दिवसांनी परत गेलं. परत तेवढंच वर उचललं. तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं.

छत्री आपोआप हलत नाही. मांडवावर चढतं कोण? एकच माणूस. त्या दिवशीही काकाजी वर उभे राहून तणस खाली टाकत होते. अंगणात दोन-चार माणसं होती. मी खालूनच ओरडलो, "काकाजी, छत्रीले हात लावल्याबिगर राह्यवत नाई काय? तुमच्या घरी टीव्ही नाई, तं आमचाबी बंद पाडता काय?"

काकाजी हळूहळू उतरले, खाली टाकलेलं तणस तिथेच सोडलं आणि गेले. त्यांनी नंतर त्या मांडवाला पाय लावला नाही. बैलांसाठी तणस दुसऱ्याकडून आणलं. डबा येत राहिला, काकाजी आले नाहीत.

आणि चित्र? त्या दिवशी मी तोंड परत वर उचललं, त्यानंतर तीन आठवडे ते जागचं हललं नाही. बघा, मी बरोबरच होतो, असं मी चंद्रपुरात बसून स्वतःला सांगत होतो. फोनवर बाबांना विचारलं, टीव्ही चालू आहे ना? ते म्हणाले, "आवाज येते."

पाऊस जोर धरायच्या आधी, तणस भिजू नये म्हणून, मांडव मोकळा करायला गावी गेलो. उरलेलं तणस मी माझ्या हाताने उतरवून रिकाम्या गोठ्यात रचलं. घाम पुसत आत आलो, तर पडदा निळा. सिग्नल नाही. काकाजी त्या वेळी शेतात धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकत होते, आणि मांडवावर सकाळपासून माझ्याशिवाय कोणी चढलं नव्हतं. बाहेर येऊन त्या बल्लीकडे पाहिलं आणि तिचं टोक खाली आलेलं दिसलं. मधे तणसाचं ओझं असलं की बल्ली मधे दबते आणि खांबाबाहेरचं टोक उचललं जातं. तणस कमी झालं की टोक खाली येतं, छत्रीचं तोंडही खाली. काकाजींनी तणस नेणं बंद केलं म्हणून चित्र टिकलं होतं. आणि मी म्हणे वायरिंग शिकवतो!

लोखंडी पाइप जमिनीत गाडून छत्री त्यावर बसवली. दोन्ही पट्ट्या भरल्या. बाबांना म्हटलं, आता पक्कं झालं. ते म्हणाले, "कोन सांगन मले काय दिसते ते? जा, त्याले सांग का तू चुकला."

मी गेलो. काकाजींच्या पायांवरचा चिखल वाळला नव्हता. मी सगळं सांगितलं, पाया पडलो. लाजेने मान वर होत नव्हती. ते म्हणाले, "जाऊ दे. भाऊ एकटा असन."

संध्याकाळी ते आले, खाटेवर बसले आणि पहिल्यासारखं सांगू लागले. बाबा दोनदा हसले. मी दारात उभा होतो, मनातून हलका झालो होतो. तेवढ्यात तलावाकडून काळं आभाळ चढलं, सरी कोसळल्या आणि पडदा निळा झाला. मोठ्या पावसात सिग्नल जातोच, त्यात बिघाड काही नसतो. पण मी तोंड उघडायच्या आत काकाजींनी दोन्ही हात मांडीवरून उचलून पुढे धरले आणि ज्यांना ते हात दिसत नाहीत त्या बाबांना घाईघाईने म्हणाले, "भाऊ, मी इथीच बसून आहो. मी उठलो नाई."