लाकडी आसाची गाडी

डेझमंड थर्लोचा उजवा खांदा आता पार थकला होता. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातल्या कापणी झालेल्या शेतांतून धातुशोधक यंत्र डावी-उजवीकडे फिरवण्यात त्याची बरीच वर्षं गेली होती. "अरे, हात वर होत नाही तुझा. आता विकून टाक ते," बायको एनिड म्हणाली, तेव्हा त्याने शेवटचा उपाय म्हणून जुन्या बाबागाडीवर यंत्र बसवलं. आता नुसतं ढकलायचं.

शेतात यंत्र सुरू करताच ते किंचाळायला लागलं आणि थांबेचना.

"खजिनाच लागलेला दिसतोय!" थर्मासमधला चहा ओतत एनिड बांधावरून ओरडली.

तो मटकन खाली बसला. "गाडीचा आस लोखंडी आहे गं. चाकंही लोखंडी. यंत्राला गाडीच सापडली. जाऊ दे, विकूनच टाकू."

घरी आल्यावर एनिडनेच झाडूचा दांडा त्याच्यासमोर ठेवला. "हा काप. चाकं नातवाच्या प्लास्टिकच्या ट्रकची घे. तो आता कुठे खेळतो त्याच्याशी?"

दुसऱ्या दिवशी गाडी मुकाट चालली. दुपारी कुठे यंत्राने एकदाच हळू आवाज दिला. डेझमंड नुसता उभा राहिला.

"एनिड, वाकवत नाही गं."

"ठाऊक होतं मला," म्हणत तिने खुरपं घेतलं. बंदुकीच्या काडतुसाची गंजकी टोपी निघाली. ती खिशात टाकून तिने खड्डा बुजवला, बुटाने माती दाबली आणि ती म्हणाली, "चल, ढकल पुढे."