झुंबरची एक नानकटाई

झुंबरला एकदा एखाद्या गोष्टीने झपाटलं की घरात कुणाचं काही चालत नसे. मागे तिने चाळीच्या परसात द्राक्षाचा वेल लावायचा घाट घातला होता. द्राक्षं काही आली नाहीत, पण मांडव शाबूत राहिला आणि चाळीतल्या बायका त्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या. नानकटाईचं वेड मात्र या सगळ्यावर ताण होतं.

झुंबर मूळची पाथर्डीकडची. नवरा पंढरी बोईसरला कापडाच्या कारखान्यात लागला म्हणून ती इकडे आली. मागोमाग सासरे आले, दोन दीर आले, मुलं झाली आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माणसं मावेनाशी झाली. दर दिवाळीला ती मैदा, साखर आणि डालडा घेऊन बाजारातल्या बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायची. तेव्हा घरात भट्टी होती कुणाकडे? आपलं सामान आपण न्यायचं, रांगेत बसायचं आणि डबा भरून घरी यायचं. डबा आला की सासरे तो पुढ्यात घेऊन बसत. शेजारणींची ताटं, दिरांचे दोस्त, मुलांचे खिसे असं करत करत डबा रिकामा होई आणि झुंबरच्या वाट्याला तळाचा चुरा येई. तो ती चहात टाकून खायची आणि तिला तो आवडायचाही, उगाच खोटं कशाला बोला.

पण शहाऐंशीच्या दिवाळीत बेकरीच्या रांगेत तिच्यापुढे कॉलनीतली एक बाई होती. भट्टीतून त्या बाईचा पत्रा बाहेर आला. नानकटाया अजून मऊ होत्या, वर बारीक चिरा पडल्या होत्या. बाईने त्यातली एक उचलली, या हातातून त्या हातात उडवली, फुंकर मारली आणि तिथेच उभ्या उभ्या एकटीने खाल्ली. कुणाला विचारलं नाही, कुणाला दिली नाही. झुंबर बघतच राहिली. तिची पाळी आली तेव्हा डबा धरायला सासरे बाजूलाच होते, त्यामुळे तिचा हात काही पत्र्याकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर तिने शेजारच्या सोजराबाईला सांगून टाकलं, "मला एक नानकटाई पायजे. गरम. अख्खी."

"मग घ्यायची की डब्यातली," सोजराबाई म्हणाली.

"ती गार हाय. आन् ती समद्यांची हाय."

सोजराबाईने हंडा उचलता उचलता तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकंच फिरलंय.

पुढे कितीतरी दिवस झुंबरच्या डोक्यात तोच भुंगा. बेकरीवाला एका नानकटाईसाठी भट्टी लावणार नव्हता. तव्यावर करून पाहावी तर खालून कोळसा आणि वरून कच्चं पीठ. अखेर बाजारात फुटाणेवाल्यापुढे उभी असताना तिला एकदम सुचलं. हा बाबा कढईत वाळू तापवतो आणि त्यात चणे फुलवतो. चणे फुलतात तर नानकटाई का नाही भाजणार? तिने त्याला विचारलंच, "भैया, इसमें नानकटाई भाजेगी क्या?"

"भाजेगी तो हमको भी खिलाना," तो हसत म्हणाला.

झुंबर मनात म्हणाली, तुला तर मुळीच नाही. पण पाय जमिनीवर ठरेनात तिचे. भाजी घ्यायची विसरून ती घरी आली.

वाळू घरातच होती. मुलं काकाबरोबर केळव्याच्या समुद्रावर जाऊन आली होती आणि खेळायला पिशवीभर वाळू घेऊन आली होती. पांढरी, बारीक, चाळल्यासारखी. माणसं कामावर आणि मुलं शाळेत गेल्यावर झुंबरने जुनी कढई काढली, वाळू ओतली आणि स्टोव्ह पेटवला. आपण काय भारी डोकं लढवलं म्हणून ती स्वतःशीच हसत होती. वाळू तापली, घाईत मळलेल्या पिठातला एक गोळा तिने ताटलीत घालून वर ठेवला आणि कढईत तडतडाट सुरू झाला. वाळूतले शिंपल्यांचे तुकडे उडून भिंतीवर आपटू लागले, एक तिच्या कपाळाला लागला, आणि घरभर सुकटीच्या बाजाराचा वास सुटला. सोजराबाई पाण्याची बादली घेऊन धावत आली.

"स्टो फुटला का काय गं?"

"नाय वं. नानकटाई चाललीय."

जी काही निघाली ती मांजरानेही हुंगून सोडून दिली. झुंबरला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तेवढ्यात दारात जिवली आली. ती डोंगराकडच्या पाड्यावरून भाजीची पाटी घेऊन चाळीत यायची. तिने कढईत डोकावून पाहिलं.

"ही दर्याची वाळू हाय. शिंपल्या फुटणार नाय तं काय?" ती म्हणाली. "आमचे नदीची आणून देते. तुमी फक्त चहा ठेवा."

पुढच्या फेरीला पाटीत भाजीखाली फडक्यात बांधलेली नदीची वाळू आली. झुंबरने तिला बशी भरभरून चहा पाजला. मग ती वाळू तिने धुतली, वाळवली, चाळली, पुन्हा धुतली. गव्हालासुद्धा तिने कधी एवढं निवडलं नव्हतं.

आता अडचण आली ती वेगळीच. झुंबरला एकीसाठी काही करताच येईना. परातीत मैदा काढला तर तो घरादाराला पुरेल एवढा निघाला. परत डब्यात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा तेवढाच. तिच्या मुठीला दुसरं माप ठाऊकच नव्हतं. शेवटी तिने धाकट्या ठकीच्या भातुकलीतली पितळी वाटी घेतली. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, वाटीभर तूप, चिमटीभर सोडा, वेलदोड्याचे चार दाणे. आणि तूप डालड्याचं नाही, साजूक. एकीलाच तर लागणार होतं, मग हात कशाला आखडायचा? पिठाचा एकच गोळा झाला, लाडवाएवढा. तो तळहातावर घेतला तेव्हा तिला अशी काही उकळी फुटली की ती एकटीच मोठ्याने हसली.

वाळू तापली. तिच्यावर ताटली ठेवली, ताटलीत गोळा, वर झाकण आणि झाकणावर दगड. आता थांबायचं होतं आणि थांबणं झुंबरच्या रक्तातच नव्हतं. ती खाटेवर बसली, उठली, दाराला कडी घातली, कडी काढली, झाकण उचलून पाहिलं. गोळा पसरला होता. पुन्हा उचललं, कडेला तांबूस रंग चढत होता. तिसऱ्यांदा उचललं तर वर चीर पडलेली. तिचं काळीज धडधडत होतं, लग्नात अंतरपाटामागे उभी होती तेव्हासुद्धा इतकं धडधडलं नव्हतं.

एवढं सगळं तिने योजलं, पण वासाचं योजायचं राहिलं. साजूक तुपाचा आणि वेलदोड्याचा वास चाळीच्या गॅलरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. चाळीची रीत अशी की कुणाकडे काही गोडधोड झालं तर सगळ्या दारी वाटी जायची. सोजराबाई ताट घेऊनच आली. तिच्यामागे कोपऱ्यातली इंदुबाई आली. चहाच्या टपरीवर बसलेले सासरे नाक वर करत आले. आणि पहिली पाळी सुटल्यामुळे हातात डबा घेऊन पंढरीही दारात येऊन उभा राहिला.

झुंबरने झाकण काढलं. नानकटाई तळहाताएवढी, फुगलेली, मधोमध फाकलेली.

"किती केल्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"एक."

"एकच?"

"एकच, मामंजी."

सोजराबाईचं ताट तसंच पुढे होतं. झुंबरने नानकटाई फडक्यात उचलली आणि तिची बोटं सवयीने कडेला गेली. चीर पडलेलीच होती, नुसतं दाबायचा अवकाश. कुणाला केवढा तुकडा द्यायचा हेही मनात ठरून गेलं. आणि तिला एकदम भीती वाटली. आता मोडली की झाला चुरा. पुन्हा वाळू आणा, पुन्हा धुवा, आणि एवढं करूनही पुन्हा कुणी ना कुणी दारात उभं असणारच.

"ही माझी हाय," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला. "तुमाला उद्या करते. जेवढ्या म्हणाल तेवढ्या करते. ही माझी."

आणि तिने खाली फतकल मारली. या हातातून त्या हातात नानकटाई उडवली, फुंकर मारली आणि मोठा घास घेतला. खालून थोडी करपली होती. साखर जास्त झाली होती. मधला भाग अजून ओलसर होता आणि तोंडात टाकताच विरघळत होता. जीभ भाजली तरी ती थांबली नाही. डोळे मिटले, उघडले, गालावर तूप लागलं ते पुसलंही नाही. आनंद म्हणतात तो हाच असावा, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. सोजराबाईने ताट हळूच पदराखाली घेतलं. सासरे काहीतरी बोलायला गेले आणि तंबाखू मळू लागले.

पंढरी दारातच होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. या घरात पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, आणि झुंबर जेवायला बसेपर्यंत तो आडवा झालेला असायचा. त्याने चपला काढल्या नाहीत की डबा ठेवला नाही.

"झुंबर," तो म्हणाला, "तुला खाताना मी आज पयल्यांदा बघतोय."

झुंबरने त्याच्याकडे पाहिलं. तोंडात घास होता, त्यामुळे तिला जरा वेळ लागला.

"मग बसा की," ती म्हणाली. "अजून निम्मी राहिलीय."

पंढरीने डबा खाली ठेवला आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला. हात मात्र त्याने पुढे केला नाही.