भोंग्याचा कूलर आणि नावाची पाटी

धाकटीच्या थोरल्या भावाला वर्कशॉपमध्ये तोंडावर ‘मालक’ म्हणत आणि पाठीमागे ‘भोंगा’. दुसरं नाव त्याला अधिक शोभत होतं. आयुष्यात त्याने एकच कला मनापासून जोपासली होती, ती दुसऱ्याच्या कामावर उभं राहून उंच दिसण्याची. पाना हातात धरला तर फोटोपुरता. बोटाला ग्रीस लागलं, की कोणी अपमान केल्यासारखा चेहरा करायचा. मात्र इंजिनाविषयी बोलायला लागला, की समोरच्याने दिलेली जांभईसुद्धा त्याला दाद वाटे.

इंजिन जुळवायची ती धाकटी, आणि शर्यतीत ट्रॅक्टर चालवायचीही तीच. शर्यत तशी साधी. ट्रॅक्टरमागे वजनाची गाडी जोडतात, ती पुढे सरकेल तशी जड होत जाते, आणि जो ती सगळ्यांत लांब ओढून नेईल तो जिंकला. त्या सीटवर बसलेली असताना धाकटी कोणाची बहीण आहे हे कोणी विचारत नसे. म्हणून मोसमाच्या तोंडावर भोंगा जेवताजेवता सहज म्हणाला, “यंदा हरलीस तर पुढच्या खेपेला जावईबापू बसतील,” तेव्हा तिने हातातला घास ताटात परत ठेवला. जावई, म्हणजे भोंग्याच्या लेकीचा नवरा, सभ्य होता. गिअर बदलताना खाली बघायचा.

त्याच आठवड्यात भोंगा इंटरकूलर घेऊन आला. टर्बोने दाबलेली हवा तापते. ती इंजिनात शिरण्याआधी गार करायची, एवढंच या नळ्यांच्या डब्याचं काम. त्याचं माप भोंग्याने कसं काढलं? पलीकडच्या वर्कशॉपवाल्याच्या कूलरला वीत लावली आणि वर आपली आणखी एक वीत चढवली. संपलं गणित.

“दादा, इंजिन किती हवा ओढतं, त्यावरून माप ठरवतात.”

“मोठं ते मोठंच! गार हवा जास्त झाली म्हणून कोणी मेलंय का?”

कूलर बसवला. इंजिनावर भार घालून चाचणी घेताना धाकटीने त्याच्यावर तळहात फिरवला. पाइपाजवळची बाजू चटका देत होती, लांबची बाजू मढ्यासारखी गार. हवा जवळच्या नळ्यांतूनच पळ काढत होती. उरलेला अर्धा कूलर आयतोबासारखा नुसता बसून होता, पण त्याचंही पोट आधी हवेने भरावं लागे, आणि तोवर इंजिन दाबाची वाट बघत काळा धूर ओकायचं. ओढीच्या सुरुवातीलाच असं झालं, तर वजनाची गाडी हलण्याआधी इंजिन बसणार आणि तिची सीट जाणार. मोठं घर, पोकळ वासा. घरात असा एक होताच, आता बोनेटपुढे दुसरा आला.

खरं सांगून उपयोग नव्हता. भोंग्याला चूक दाखवली की तो ती दुप्पट करायचा. धाकटीने दोन दिवस विचार केला आणि मग त्याच्या दुखऱ्या नाही, खाजऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“दादा, एक राहूनच गेलं. तुझ्या नावाची पाटी कुठे लावायची? पुढची सगळी जागा या कूलरने खाल्ली.”

भोंगा थबकला. ट्रॅक्टरसमोर जाऊन उभा राहिला, मान तिरपी करून बघितलं.

“हे आधी सांगायला नको? सगळे झोपा काढतात इथे!”

“थोडा कापला तर बसेल पाटी.”

“मग काप की! कूलर काय, छप्पन्न मिळतात.”

तिने झोपलेला भाग कापून टाकला, उघडी पडलेली बाजू वेल्डिंगने बंद केली. शेजारी पाटी लागली, काळ्यावर सोनेरी अक्षरं. दाबाचा काटा आता न अडखळता चढू लागला.

शर्यतीत धाकटीने वजनाची गाडी सगळ्यांच्या खुणेपलीकडे नेऊन उभी केली. ती हेल्मेट काढते न काढते तोच भोंग्याच्या हातात माइक होता.

“मापाला महत्त्व आहे, मंडळी! मी पहिल्यापासून म्हणत होतो, कूलर लहान आणि नेटका हवा!” मग बहिणीकडे वळून, आवाज खाली आणून, “जरा सरक ना. फोटोत पाटी झाकली जातेय.”

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, “मशीन इतकं सुतासारखं सरळ झालंय, आता कोणीही चालवेल. पुढच्या वेळी जावईबापू.”

“पण मी जिंकले ना, दादा?”

“कूलर जिंकला, बाई. तू नुसती बसलीस.” त्याने आमटी ओरपली. “आणि ऐक, पाटी फोटोत फारच बारकी दिसली. आता कूलरवरूनच लावू, पूर्ण रुंदीची. चालेल ना?”

कूलर समोरून वारा घेतो. त्यावर पत्रा ठोकणं म्हणजे पळणाऱ्या माणसाचं नाक दाबणं. सांगायला धाकटीने तोंड उघडलं. तिने भावाकडे पाहिलं, मग जावयाकडे. तो ताटात असं बघत होता, जणू गिअर तिथेच कुठेतरी आहे.

“चालेल की,” ती म्हणाली. “पत्रा जरा जाड घे, दादा. शोभून दिसेल.”