उपसर्गांचे सर

फळ्यावर जर्मन शब्द लिहायचा आणि पहिली दोन-तीन अक्षरं सोडून बाकीचा शब्द तळहाताने झाकून टाकायचा, ही सरांची सवय. मग ओरडायचे, "आधी उपसर्ग बघा गं! एवढी कसली घाई हाय?"

बीडच्या एका क्लासात मी इंग्रजी शिकवायचो. शेजारच्या खोलीत सर नर्सिंग झालेल्या पोरींना जर्मन शिकवायचे. पास झाली की जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी. सर इतके तापट की तुम्हीही त्यांना भांडकुदळच म्हणाला असता. भिंतीपलीकडून ऐकून मलाही पाठ झालं होतं: जर्मन 'उन' म्हणजे आपला नकाराचा 'अन्'. 'चालणे' या शब्दाला 'फेर' लागला की चालणारा वाट चुकतो. आपले 'सु' आणि 'दुर्' तर पार आयर्लंडच्या भाषेत 'सो' आणि 'दो' होऊन बसलेत. "परकं काय हाय यात? चुलतभाऊ हायेत सगळे!" पोरी हसायच्या. सर आणखी चिडायचे, आणि चिडतच पुन्हा समजावायचे.

सुरेखा त्यांची लाडकी, शिरूर कासारची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून टोळी निघण्याआधी तिकडे लग्नं उरकतात. बाप म्हणाला होता, "पास झाली तर जर्मनी. न्हाई तर टोळी निघायच्या आत लग्न."

आणि परीक्षेच्या तोंडावर क्लासच्या मालकाने सरांना काढलं. मालक पुढाऱ्याचा मेहुणा, जर्मनचं अक्षर येत नाही.

"अर्थ कशाला शिकविता? उत्तरं पाठ करून घ्या. लई टाइम खाता तुमी."

"पेशंटसमोर पाठांतर म्हणायचं का बे?"

त्याच दिवशी सर बाहेर. वर पोरींना दम, जी सरांकडे जाईल तिचा परीक्षेचा अर्ज जाणार नाही.

तोंडी परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला आणि पाठ केलेलं उत्तर सुरेखाला पुरलं नाही. नापास. सर मला घेऊन शिरूरला गेले, बापापुढे हात जोडले. "एक डाव अजून बसू द्या."

"टोळीचा मुकादम थांबत न्हाई, सर." बाप रडत होता. त्याच्यावर मला रागावता येत नाही. मालकावर येतो राग, त्याची गाडी दिसली तरी डोकं फिरतं.

लग्न झालं, टोळी गेली. नव्या बॅचसाठी मालकाने चौकात फ्लेक्स लावला. 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून फोटो सरांचाच! भर दुपारी सर चहावाल्याच्या स्टुलावर चढले आणि ब्लेडने स्वतःचा फोटो कापू लागले. बघे हसत होते. मी स्टूल धरलं.

"सर, पडाल."

"पडू दे. मला बघून अजून पोरी येतील बे!"

फोटो पिशवीत कोंबून ते स्टँडकडे गेले. पुन्हा बीडमध्ये दिसले नाहीत. फ्लेक्सच्या मधोमध तेवढं भोक आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, प्रवेश सुरू.