वनिताला मिळालेली सुट्टी

चौथीच्या वर्गाला मी भागाकार शिकवत होते, तेव्हा मुख्याध्यापक दारात येऊन खाकरले. किन्हवलीच्या आमच्या शाळेत ते असे वर्गाबाहेर उभे राहिले की काहीतरी बरं नसतं. त्यांनी हातातला मोबाइल पुढे केला. पलीकडे माझे धाकटे दीर होते. "वहिनी, वनिता गेली," एवढंच बोलले... सकाळी मी घरून निघाले तेव्हा वनिता, त्यांची बायको आणि माझी धाकटी जाऊ, न्हाणीच्या दगडावर बसून कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ करत होती. जाम थकल्यासारखं वाटतंय, म्हणाली होती. मला बस गाठायची होती. सात दिवस अंथरुणात काढल्यावर थकवा यायचाच, असं सांगून मी निघाले. त्याला आता सहा आठवडे झाले.

वनिता मुरबाडकडची. सत्त्याण्णव साली ती आमच्या घरात आली आणि पहिल्याच लावणीत तिनं मला लाजवलं. मी मास्तरीण, दोन मुठी रोपं लावेपर्यंत कंबर धरून उभी राहायची. ती मागे सरत सरत अर्धं खाचर उरकायची आणि वर मला चिडवायची की ताई, तुम्ही खडूनं लावा. दोन वर्षांत तिचे सांधे धरू लागले. ऊन लागलं की नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर लाल चट्टे उठायचे, मग ताप. कुणी संधिवात म्हणालं, कुणी बाहेरचं काही असेल म्हणालं. शेवटी मीच तिला आणि दिरांना घेऊन ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ल्युपस, ते म्हणाले. आम्हाला नाव धड उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं : घर राखणारं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं, तसा हा आजार. त्या कुत्र्याला गुंगीत ठेवायला स्टिरॉइडच्या गोळ्या. पण ते गुंगीत असलं की चोराला दार मोकळं, म्हणून साधा ताप आला तरी धावत यायचं. उन्हात जायचं नाही. आणि काही झालं तरी गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, कारण या गोळ्यांत जे असतं ते शरीर स्वतःही बनवत असतं, पण गोळ्या चालू असल्या की ते बनवायचं शरीर विसरून जातं. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. तिघांत शिकलेली मीच होते. मी वहीत लिहूनही घेतलं.

गोळ्यांनी ताप गेला, सांधे मोकळे झाले. पण तोंड भाकरीसारखं गोल झालं, हनुवटीवर लव आली. लग्नकार्यात बाया म्हणायच्या, सासर मानवलं हो तुला. ती हसायची आणि घरी येऊन आरसा पालथा घालायची. लावणीच्या दिवसांत सगळं गाव खाचरात आणि ही ओटीवर. गोरं राहायची हौस आहे, असं आमच्याच भावकीतलं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं. डोस कमी केला की आजार उसळायचा, वाढवला की अंग सुजायचं. पुढे गोळ्यांनी खुब्याचं हाड खाल्लं आणि ती लंगडू लागली. एकदा मला म्हणाली, "ताई, तुमी मला जगवलंत खरं. पण ही मी नाय." मला रागच आला. गोळ्या सोडल्यास तर बघ, म्हणून मी तिला चांगलं फैलावर घेतलं. माझं बरोबर होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या बरोबर असण्याचं काही सुख मात्र वाटलं नाही.

यंदा गावात कांजण्यांची साथ आली आणि वनिताच्या अंगभर फोड उठले. कांजण्या म्हणजे आमच्याकडे देवी घरात आलेली. दाराला कडुनिंबाची डहाळी, स्वयंपाकात फोडणी बंद, आणि सात दिवस कुठलंही औषध नाही. दिलं तर देवी कोपते. सासूबाईंनी गोळ्यांचा डबा उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. त्यांची सुनेवर माया नव्हती असं कुणी म्हणू नये. त्या रोज तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचं अंग टिपत होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर वनिताच मला थांबवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. देवीनं सुट्टी दिलीय मला." किती वर्षांनी ती अशी मोकळी हसली होती... आणि मी गप्प बसले. सात दिवसांनी काय होतंय, असं मी, वहीत लिहून घेणारी बाई, स्वतःला म्हणाले. सासूबाईंशी वाद घालायचा कंटाळा होता, तेही लिहून टाकते.

सातव्या दिवशी त्या आंघोळीनंतर तिला उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. जीपनं शहापूरला नेईपर्यंत शुद्ध गेली. दवाखान्यात विचारलं, औषधं काय चालू आहेत. दिरांनी जुनी चिठ्ठी पुढे केली. सात दिवस गोळ्या बंद होत्या हे कुणी बोललं नाही, कारण ते सांगायला हवं हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं, ती भागाकार शिकवत होती.

तेराव्यानंतर एका दुपारी मी तिची खोली आवरायला घेतली. उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून तिनं खिडकीवर जाड गोधडी ठोकून घेतली होती. ती काढायला मी हात वर केला, तेवढ्यात सासूबाई उंबऱ्याशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "खरं सांग गो. मी गोळ्या वर ठेवल्या म्हणून तर नाय ना गेली ती?"

"नाय आई," मी म्हटलं. "देवीनंच नेली."

त्यांनी हात जोडले आणि पदरानं डोळे पुसले. मी हात खाली घेतला. गोधडी अजून तिथेच आहे. त्या खोलीत ऊन येऊ द्यायचा मला धीर होत नाही.

सासूबाईंना वाचता येत नाही. हे ज्यात छापून येईल ती रविवारची पुरवणी त्यांना मीच वाचून दाखवते. दीर हे वाचतील, त्यांनी वाचावंच. सासूबाईंसाठी मात्र हे पान मी गाळीन. डबा त्यांनी वर ठेवला, पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.