कुंपणाबाहेरचा एझ्रा

नेब्रास्कातल्या आमच्या गावात सर्वांत आधी वस्तीला आलेली माणसं टेकडीवरच्या दफनभूमीत झोपली आहेत. तिथलं गवत कापायला वर्षानुवर्षं एकटी ऑर्फा ट्वेट जायची. मग गावाला एकाएकी पूर्वजांचा पुळका आला. जतन समिती झाली आणि हार्लन बस्कर्क अध्यक्ष झाला. त्याच्या आजोबांच्या कबरीवर झुडूप इतकं माजलं होतं, की त्यात रानकोंबड्या अंडी घालत.

समितीने लोखंडी कुंपण घातलं, पण एक कबर मुद्दाम बाहेर ठेवली. घोडे चोरले म्हणून फासावर गेलेल्या एझ्रा पुल्कची.

"अरे, तोही वस्तीला आलेल्या पहिल्याच घोडागाड्यांबरोबर आला होता," ऑर्फा हार्लनला म्हणाली.

"अगं, आत सज्जन माणसं आहेत. चोराला त्यांच्या शेजारी कसं झोपवायचं?"

"सव्वाशे वर्षं शेजारीच झोपलाय. गेला का कुणाचा घोडा?"

हार्लन बधला नाही. तेव्हा ऑर्फाने स्वतःच पाटी लावली: 'एझ्रा पुल्क, घोडेचोर.'

झालं! उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले, ते थेट एझ्राकडे. सज्जनांकडे पाठ करून ते फोटो काढत. समितीने घाईघाईने कुंपण सरकवून एझ्राला आत घेतलं. त्या समारंभात हार्लन गहिवरून म्हणाला, "एझ्रा माझ्या आजीचा सख्खा चुलतभाऊ!"

"म्हणजे घोडे कुणाच्या तबेल्यात गेले, तेही कळलं," ऑर्फा म्हणाली.

लोक खो खो हसले. ऑर्फा फुलं घेऊन एझ्राकडे गेली, तर लोकांनी वाहिलेल्या फुलांमुळे दगडावर ठेवायला जागाच नव्हती. मग तिने ती पलीकडच्या एका बिननावाच्या तान्ह्या बाळाच्या कबरीवर ठेवली.